पोलिसांसाठी व्हीआर प्रशिक्षण फिल्म: कॅमेरा सगळ्यात शेवटी

पोलिसांसाठी व्हीआर (आभासी वास्तव, म्हणजे हेडसेट घालून बघायची) फिल्म करायची म्हटलं की पहिल्याच बैठकीत कोणीतरी विचारतं, "कॅमेरा कुठला घ्यायचा?" मग पंधरा दिवस भिंगं, रिझोल्यूशन आणि हेडसेट यांच्या गप्पांत जातात. पटकथा शूटच्या आदल्या रात्री लिहिली जाते. हाती येते ती सात मिनिटांची फिल्म, बघायला झकास आणि शिकवायला शून्य. अशा दोन फिल्म मी स्वतः करून बसलोय. खालचा क्रम त्यातूनच आलेला आहे.

इथे मी बोलतोय ते खऱ्या जागी, खरे नट घेऊन चित्रित केलेल्या ३६० अंशांच्या फिल्मबद्दल. गेम इंजिनमध्ये (संगणकी खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) बांधलेलं सिम्युलेशन हा वेगळा धंदा आहे, त्याचे टप्पेही वेगळे.

## टप्पा ० : हा विषय फिल्मचा आहे का?

३६० अंशांच्या फिल्ममध्ये बघणारा मान कुठेही फिरवू शकतो, पण पाऊल पुढे टाकू शकत नाही. वाकून टेबलाखाली बघायला गेला तर टेबल त्याच्याबरोबरच खाली सरकतं. एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे विषय आपोआप गळतात. बेड्या घालणं, आडोसा घेणं, खोलीची झडती, नेमबाजी यांतलं काहीही इथे शिकवू नका. शरीराला चुकीची सवय लागते आणि ती मोडायला मैदानावरच्या प्रशिक्षकाला दुप्पट घाम गाळावा लागतो.

जमतं ते असं: समोरच्याच्या हातांवर नजर ठेवणं, बोलण्यावरून त्याची अवस्था ओळखणं, कधी बोलायचं आणि कधी गप्प राहायचं हे ठरवणं, सहकाऱ्याचा आवाज चढला की त्याला आवरणं, घटनास्थळी पहिल्यांदा पोचल्यावर काय काय टिपायचं. शिवाय कॅमेरा तक्रारदाराच्या खुर्चीत ठेवून उलटी बाजूही दाखवता येते: गणवेशातली दोन माणसं दारात उभी राहिली की आतल्याला ती कशी दिसतात.

तपासा: विषय एका वाक्यात लिहा. त्यातलं मुख्य क्रियापद बघणं, ऐकणं, ओळखणं, ठरवणं किंवा बोलणं यांपैकी असेल तर पुढे जा. पकडणं, धावणं, झडती घेणं असेल तर इथेच थांबा.

## टप्पा १ : आधी निर्णय लिहा, मग गोष्ट

"घरगुती वादाच्या प्रसंगी संवेदनशीलपणे वागणे" हा निर्णय नाही. हे परिपत्रकातलं वाक्य झालं. निर्णय असा दिसतो: "दार उघडलं. आतल्या माणसाच्या हातात चाकू आहे, तो पाच-सहा पावलांवर आहे, रडतोय, पुढे येत नाहीये. मागून बाईचा आवाज येतोय. मागे सरून बोलत राहायचं की आत शिरायचं?" या वाक्यात अंतर आहे, हात आहेत, न दिसणारी तिसरी व्यक्ती आहे आणि दोन्ही बाजूंना वजन आहे. उत्तर उघड असेल तर तो निर्णय फिल्मच्या लायकीचा नाही.

असे जास्तीत जास्त दोन निर्णय घ्या आणि गोष्ट त्यांच्याभोवती विणा. गोष्ट आधी सुचली तर तिच्यात निर्णय कोंबावे लागतात, आणि ते कोंबलेले दिसतात.

लिहून झालं की पटकथा एखाद्या मान्य निर्णयपद्धतीवर घासून बघा. अमेरिकेतल्या पोलीस एक्झिक्युटिव्ह रिसर्च फोरमने २०१६ मध्ये आणलेल्या आयकॅट या, तणाव निवळवायच्या प्रशिक्षणात पाच पायऱ्या आहेत: माहिती गोळा करणं, परिस्थिती आणि धोका जोखणं, आपले अधिकार व धोरण आठवणं, पर्याय बघून त्यातला योग्य निवडणं, आणि कृती करून पुन्हा आढावा घेणं. तुमच्या दलाची स्वतःची पद्धत असेल तर तीच वापरा. प्रश्न एवढाच विचारायचा की प्रत्येक पायरीसाठी लागणारा पुरावा फिल्ममध्ये दिसतो किंवा ऐकू येतो का. बहुतेक पटकथा पहिल्याच पायरीवर आपटतात. माणूस आजारी आहे हे लेखकाला ठाऊक असतं, पण बघणाऱ्याला ते कळावं असं पडद्यावर काहीच नसतं. औषधाची पाकिटं टेबलावर हवीत, नाहीतर शेजारणीचं एक वाक्य तरी हवं.

टेबलाभोवती तीन माणसं हवीतच: बळाच्या वापराचे प्रशिक्षक, कायदा आणि धोरण जाणणारी व्यक्ती, आणि तो प्रसंग ज्याच्या अंगावरून गेलाय अशी व्यक्ती. मानसिक आजारावरची फिल्म असेल तर त्या आजारातून गेलेला माणूस किंवा घरातला कोणीतरी. त्यांना तयार फिल्म दाखवून "कसं वाटलं?" विचारण्यात अर्थ नाही. पटकथेच्या टेबलावरच बसवा. तिघांच्या सह्या प्रत्येक शेवटावर घ्या, अगदी चुकीच्या निर्णयाच्या शेवटावरसुद्धा, कारण तिथेच नंतर वाद होतात.

इशारा: मालिकेतल्या प्रत्येक फिल्मचा शेवट हल्ल्यात होत असेल तर तुम्ही नकळत एकच धडा शिकवताय: दार उघडलं की शस्त्र काढा. बळाच्या व बंदुकीच्या वापराबाबत संयुक्त राष्ट्रांची मूलतत्त्वं १९९० मध्ये हवानात स्वीकारली गेली. त्यातलं विसावं तत्त्व प्रशिक्षणात वाद शांततेने सोडवणं, गर्दीचं वर्तन समजणं, समजावणं, वाटाघाटी आणि मध्यस्थी यांवर भर द्यायला सांगतं. मालिका आखताना हे कलम समोर ठेवा आणि काही प्रसंग असे घ्या की ज्यात शेवटी काहीच घडत नाही.

## टप्पा २ : फाटे मोजा

निर्णय आला की फाटे आले, म्हणजे बघणारा जे ठरवेल त्याप्रमाणे गोष्टीच्या वेगळ्या वाटा, आणि फाट्यांचा हिशेब कागदावर न केल्यामुळे जितकी शूटं कोसळलेली मी पाहिली आहेत तितकी पावसाने नाहीत.

तीन निर्णय, प्रत्येकी दोन पर्याय धरा. सगळे फाटे वेगळे ठेवले तर सुरुवातीचा तुकडा एक, मग २, ४ आणि ८, म्हणजे १५ तुकडे. दर निर्णयाच्या वेळी "थांबलेलं" दृश्य लागतं, ती सात. एकूण २२ शूट. तेच फाटे दर वेळी मूळ रस्त्याला परत आणून जोडले तर नऊ तुकडे आणि तीन थांबे, म्हणजे १२. पण परत जोडताना फसवणूक होते: बघणाऱ्याने काहीही ठरवलं तरी तेच घडतं, आणि हे पोलिसांच्या पहिल्या तुकडीतच लक्षात येतं. म्हणून मी दोनच निर्णय घेतो आणि फाटे खरे ठेवतो. सात तुकडे, तीन थांबे.

थांब्याचं दृश्य हे सगळ्यात दुर्लक्षित काम. बघणारा विचार करत असताना समोरचा माणूस गोठून उभा राहिला तर सगळा प्रभाव गेला. १५ ते २० सेकंदांचं असं दृश्य घ्या की जे संपतं तिथूनच सुरू होतं: श्वास चालू, नजर हलती, वजन या पायावरून त्या पायावर. ठळक हालचाल एकही नको. एका टेकमध्ये नटाने सहज नाक खाजवलं आणि आम्ही ते ठेवलं. दृश्य तिसऱ्यांदा फिरलं तेव्हा प्रशिक्षणार्थी हसायला लागला.

पर्याय पडद्यावर लिहून दाखवू नका. "शांतपणे बोला" आणि "दरडावा" असे दोन चौकोन समोर आले तर काय निवडायचं हे कोणालाही कळतं. दृश्य थांबलं की प्रशिक्षणार्थीने काय करणार ते मोठ्याने बोलायचं, समोरच्या पात्राशी बोलायचं असेल तर थेट बोलायचं, आणि प्रशिक्षकाने टॅबलेटवरून फाटा निवडायचा. एक फाटा गप्प राहण्याचाही ठेवा. दहा सेकंद काहीच न ठरवणं हासुद्धा निर्णयच असतो आणि प्रत्यक्षात तोच वारंवार होतो.

तपासा: सगळे तुकडे आणि थांबे यांना क्रमांक द्या, प्रत्येकाच्या शेवटी कोणतं पात्र कुठे, कुठल्या हातात काय घेऊन उभं आहे ते लिहा. ही यादी शूटच्या दिवशी सहायकाच्या हातात असलीच पाहिजे.

## टप्पा ३ : बघणारा कोण आहे?

कॅमेरा म्हणजे कोणाचे डोळे, हे ठरल्याशिवाय नट एकमेकांकडे बघतील की भिंगाकडे हेच ठरत नाही. कॅमेरा एखाद्या नटाच्या डोक्यावर बांधून त्याचे हात दाखवायची हौस सगळ्यांना असते. नको. हात बघणाऱ्याचे नसतात, रंग वेगळा, बांधा वेगळा, आणि दुसऱ्याच्या चालण्याने मळमळ होते. बघणाऱ्याला दोन माणसांच्या पथकातला दुसरा अधिकारी करा. पहिला अधिकारी नट बोलतो, चुकतो, वळून विचारतो, "काय करायचं?" या रचनेत बघणाऱ्याला एका जागी उभं राहायला कारण मिळतं.

कॅमेऱ्याची उंची सत्र कसं होणार यावर अवलंबून आहे. प्रशिक्षणार्थी उभे राहून बघणार असतील तर भिंग साधारण १६० सेंटिमीटरवर. फिरत्या खुर्चीत बसून बघणार असतील तर त्याच उंचीवर अनेकांना हवेत तरंगल्यासारखं वाटतं, म्हणून पात्रालाच बसवा (गाडीत, चौकशीच्या टेबलाशी) आणि भिंग १२० च्या आसपास आणा. हे प्रशिक्षकाला शूटच्या आधी विचारायचं असतं. आम्ही एकदा नंतर विचारलं.

## टप्पा ४ : जमिनीवरचा आराखडा

सपाट पडद्यासाठीच्या स्टोरीबोर्डचा इथे उपयोग नाही. कागदावर वर्तुळ काढा, मध्ये कॅमेरा, बाहेर घड्याळाचे आकडे. मुख्य पात्र बाराला. मग तीन कडी आखा.

पहिलं कडं एक मीटरचं. यात कोणी येऊ नये. ३६० अंशांच्या कॅमेऱ्याला दोन किंवा जास्त भिंगं असतात, आणि इतक्या जवळ त्यांची चित्रं जुळत नाहीत, चेहरे तुटतात.

दुसरं कडं दीड ते साडेतीन मीटरचं. खरं नाट्य इथे.

तिसरं पाच मीटरच्या पलीकडचं. इथे माणूस दिसतो, चेहरा वाचता येत नाही. हिशेब करून बघा. ५७६० पिक्सेल रुंदीचं चित्र ३६० अंशांत पसरलं की एका अंशाला १६ पिक्सेल येतात. दोन मीटरवरचा चेहरा साधारण पाच अंशांचा, म्हणजे ८० पिक्सेल. पाच मीटरवर तोच चेहरा दोन अंशांचा, ३२ पिक्सेल. ७६८० रुंदीच्या म्हणजे ८के चित्रातही तो ४३च्या पुढे जात नाही. दूरच्या माणसाच्या हातातली वस्तू मोबाइल आहे की शस्त्र, हा तुमचा निर्णयबिंदू असेल तर त्या माणसाला जवळ आणा. नाहीतर प्रशिक्षणार्थी कमी पडला की तुमचं चित्र कमी पडलं, हे कधीच कळणार नाही.

आता शिवण. भिंगांची चित्रं जिथे जोडली जातात ती रेष. कॅमेऱ्याचं एक भिंग बाराकडे रोखलं असेल तर दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात ती तीन आणि नऊच्या दिशेला येते. सहा भिंगं असतील तर दर ६० अंशांवर एक. जमिनीवर चिकटपट्टीने या रेषा आखा आणि नटांना सांगा: दोन मीटरच्या बाहेरून ओलांडली तर चालेल, थांबायचं मात्र नाही. आमच्या एका फिल्ममध्ये झटापटीत एकाचा कोपर नेमका शिवणीवर गेला आणि हात खांद्यापासून सुटून हवेत लटकला. टेक अप्रतिम होता, पण टाकून द्यावा लागला.

लक्ष वेधण्याचे नियम थोडकेच. सुरुवातीचे १५ सेकंद काहीही महत्त्वाचं घडवू नका, माणूस छत आणि स्वतःचे नसलेले पाय बघण्यात गुंतलेला असतो. मागे काही घडणार असेल तर आधी आवाज, मग पात्राची नजर तिकडे, मग घटना, आणि या तिन्हींमध्ये दोन-तीन सेकंदांची उसंत. एकाच वेळी दोन दिशांना महत्त्वाचं काही ठेवायचं असेल तर ते मुद्दाम ठेवा आणि प्रशिक्षकाच्या टिपणात लिहा की अर्ध्यांना हे दिसणार नाही.

इशारा: पात्रनिवडीत संशयिताचा चेहरा, पोशाख, बोली नेहमी एकाच समाजगटाची येऊ देऊ नका. वेळ असेल तर तोच प्रसंग नटांच्या भूमिका बदलून पुन्हा घ्या. दोन्ही आवृत्त्या प्रशिक्षणार्थींच्या वेगवेगळ्या गटांना दाखवल्या की चर्चेत जे निघतं ते एरवी कोणी बोलत नाही.

## टप्पा ५ : शूटच्या आधीचा आठवडा

सेटवर चालू स्थितीतलं एकही शस्त्र नको. रबरी किंवा प्लास्टिकची नक्कल वापरा. कोऱ्या काडतुसाच्या वाटेला जाऊ नका. जवळून सुटलं तर त्यानेही जीव जातो, आणि आवाज एडिटमध्ये घालता येतो. सल्लागार म्हणून आलेले अधिकारी कमरेला खरं शस्त्र लावून येतात, ते बाहेर जमा करायची सोय आधी करा. एका माणसाकडे फक्त हेच काम द्या: सेटवर येणारी प्रत्येक शस्त्रसदृश वस्तू तपासणं आणि मोजणं.

स्थानिक पोलीस नियंत्रण कक्षाला तारीख, वेळ, पत्ता लेखी कळवा. रस्त्यावरून जाणाऱ्याला कॅमेरा दिसतच नाही, त्याला दिसतो चाकू घेतलेला माणूस. गणवेश सेटवरच घालायचे आणि सेटवरच उतरवायचे, चहाला बाहेर जातानासुद्धा अंगावर नकोत.

तालीम जागेवरच करा आणि पूर्ण लांबीची करा. इथे पाच-सहा मिनिटांचा सलग टेक असतो, मध्ये कात्री मारून चूक लपवता येत नाही. रंगभूमीवरचे नट इथे सिनेमातल्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतात, हे माझं ठाम मत. त्यांना सलग उभं राहायची आणि शेजारचा चुकला तर सावरून घ्यायची सवय असते.

## टप्पा ६ : शूटचा दिवस, याच क्रमाने

१. कॅमेरा बुडाशी लहान पाय असलेल्या स्टँडवर उभा करा, खाली वजन ठेवा. पसरट ट्रायपॉड चित्रातून पुसायला त्रास देतो. पाणसळीने पातळी तपासा. क्षितिज थोडं कललं तरी हेडसेटमध्ये बघणारा स्वतः कलतो.

२. स्टँडखालच्या जमिनीचा वेगळा फोटो काढा. एडिटमध्ये स्टँड झाकायला तोच लागतो आणि सगळे तो विसरतात.

३. प्रत्येक भिंग पुसा. एकावर बोटाचा ठसा राहिला की खोलीच्या एका कोपऱ्यात धुकं पडतं.

४. प्रकाशमापन आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) हाताने ठरवून कुलूपबंद करा. ऑटोवर ठेवलं तर प्रत्येक भिंग आपापलं डोकं चालवतं आणि शिवणीवर रंग बदलतो.

५. दिवे दृश्यातलेच वापरा: टेबललॅम्प, ट्यूब, खिडकी. कॅमेऱ्यामागे जागाच नसल्यामुळे बाकी दिवे लपवायचे कुठे? वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर (प्रत्येक चित्राला प्रकाश किती वेळ मिळतो ते) सेकंदाच्या ५०व्या किंवा १००व्या भागावर, ६० हर्ट्झची असेल तर ६०व्या किंवा १२०व्या भागावर. एलईडीचा लखलखाट डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो.

६. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) जमलं तर ६०, पण मग शटर ५०व्या भागावर ठेवता येत नाही, १००वा घ्या. ३० वर चालतं, पण जवळची भरभर हालचाल तुटक दिसते.

७. आवाजाची जुळवणी (पुढचा टप्पा बघा), मग रेकॉर्डिंग सुरू, मग क्लॅप. क्लॅप देणाऱ्याने बाराच्या दिशेला उभं राहायचं आणि तुकड्याचा क्रमांक मोठ्याने बोलायचा.

८. सगळ्यांनी बाहेर पळायचं. खरंच सगळ्यांनी. दिग्दर्शक मॉनिटर घेऊन भिंतीपलीकडे. वायरलेस चित्र भिंतीपलीकडे पोचतं का हे सकाळीच बघा. दाराच्या फटीतून दिसलेला माझा बूट एका अंतिम प्रतीत अजूनही आहे.

९. टेक संपला की ३० सेकंद कोणी हलायचं नाही. ही शेपटी थांब्याच्या दृश्याला उपयोगी पडते.

१०. एका जागेवरचे सगळे तुकडे एकदमच उरका. कॅमेरा एकदा हलला की परत त्याच जागी तंतोतंत येत नाही आणि फाटा जोडताना खोली उडी मारते.

इशारा: पोलीस गाडीचे लुकलुकते दिवे बंद खोलीत किंवा कॅमेऱ्याजवळ नकोत. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त झगमगाट प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्याला झटका आणू शकतो, आणि हेडसेटमध्ये तर नजर दुसरीकडे वळवायलाही जागा नसते. दिवे बाहेर, भिंतीवर परावर्तित, संथ गतीने.

तपासा: पहिला चांगला टेक मिळाल्याबरोबर त्यातली भिंगांची चित्रं कच्ची जोडून तो हेडसेटमध्ये बघा, तिथेच, जेवणाच्या सुट्टीत नाही. मॉनिटरच्या सपाट चित्रावर अंतर, उंची आणि शिवण यांतलं काहीच खरं कळत नाही.

## टप्पा ७ : आवाज

इथे आवाजच दिग्दर्शक असतो, कारण बघणाऱ्याची मान तोच फिरवतो. दोन प्रकारचे आवाज वेगवेगळे घ्या. प्रत्येक नटाला कपड्यांखाली छोटा माईक, आणि कॅमेऱ्याच्या अगदी खाली एक अँबिसोनिक माईक, जो चार चॅनेलवर सगळ्या दिशांचा आवाज टिपतो. त्या माईकचा पुढचा भाग कॅमेऱ्याच्या बाराच्या दिशेलाच हवा. चुकीच्या दिशेला राहिला तर डावीकडचा माणूस उजवीकडून बोलतो.

फाइल कोणत्या पद्धतीची आहे ते नावातच लिहून ठेवा. अँबिक्स आणि फ्यूमा या दोन पद्धतींत चॅनेलचा क्रम वेगळा असतो. एकीची फाइल दुसरी समजून वापरली की आवाज गोंधळतो, पण पूर्ण बंद पडत नाही. त्यामुळे चूक फार उशिरा सापडते. साधी चाचणी: शूटच्या सुरुवातीला एक जण कॅमेऱ्याभोवती चालत "बारा, तीन, सहा, नऊ" असं बोलत जातो. शेवटी हेडसेट लावून तो ज्या बाजूने ऐकू यायला हवा तिथूनच येतोय का ते बघायचं.

## टप्पा ८ : जोडणी आणि एडिट

याबद्दल इंटरनेटवर भरपूर आहे, म्हणून फक्त चुका सांगतो. आधी भिंगांच्या चित्रांची कच्ची जोडणी, त्यावर एडिट, आणि निवडलेल्या तुकड्यांचीच बारीक जोडणी. उलटं केलं तर आठवडे जातात. कट कमीत कमी ठेवा. करायचाच तर काळ्यातून करा आणि पुढचं दृश्य असं फिरवा की बघणारा जिकडे बघत होता तिकडेच महत्त्वाचं पात्र असेल. अक्षरं कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर वाटतील अशी आणि डोळ्यांच्या थोडी खाली ठेवा. निर्यात करताना ३६० अंशांचा मेटाडेटा (प्लेअरला फाइलचा प्रकार सांगणारी माहिती) घालायला विसरलात तर प्लेअर चपटी, ताणलेली पट्टी दाखवतो. आकाराचा अंदाज असा: सेकंदाला १०० मेगाबिट दराने दहा मिनिटं म्हणजे साडेसात गिगाबाइट. हेडसेट दहा असतील तर भरायला वेळ लागतो, सत्राच्या सकाळी भरत बसू नका.

आणि शेवटचं, संगीत. संगीत पूर्ण काढा. धोका कधी आहे हे ते आधीच सांगून टाकतं, आणि खऱ्या दारामागे व्हायोलिन वाजत नाही.

## टप्पा ९ : चाचणी

पटकथा माहीत नसलेले पाच-सहा अधिकारी बोलवा. दोन गोष्टी मोजा. पहिली, मळमळ. त्यासाठी १९९३ पासून वापरात असलेली सिम्युलेटर सिकनेस प्रश्नावली आहे: १६ लक्षणं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. फिल्मच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा भरून घ्या, कारण रात्रपाळी करून आलेल्याचं डोकं आधीच दुखत असतं. दुसरी, नजर. हेडसेटचं चित्र बाहेरच्या स्क्रीनवर टाका आणि निर्णयाआधीचा पुरावा किती जणांनी पाहिला ते लिहा. सहापैकी एकानेही पाहिला नसेल तर त्यांना दोष देऊ नका. तिथे आवाज वाढवा किंवा पात्राची नजर वळवणारा टेक निवडा.

त्या चाकूच्या प्रसंगात आमचं असंच झालं होतं. खोलीतल्या पडद्यामागे मूल उभं होतं, पायाची बोटं दिसत होती. आम्हाला वाटलं केवढा सूचक पुरावा. सहाही जणांनी तो पाहिला नाही. शेवटी निर्णयाच्या आठ सेकंद आधी एक बारीक हुंदका घातला, आणि पुढच्या गटातल्या बहुतेकांच्या माना तिकडे वळल्या.

## टप्पा १० : सत्र

हेडसेट घालण्याआधी शस्त्रं, मिरचीचे फवारे, दांडके खोलीबाहेर. रिकामी केलेली बंदूकसुद्धा नको. डोळ्यांवर हेडसेट असलेल्या माणसाचा हात सवयीने कमरेकडे जातो. शेजारी एक जण उभा, भोवती दोन मीटर मोकळी जागा. अपस्मार, नुकतंच डोकं दुखावणं, किंवा अशाच प्रसंगाचा जुना घाव याबद्दल आधी खासगीत विचारा, आणि "थांबा" म्हटलं की कारण न विचारता हेडसेट उतरवा. हेडसेटचं चेहऱ्याला टेकणारं आवरण दर माणसागणिक पुसायचं, भिंगं मात्र कोरड्या मऊ कापडानेच.

फिल्म सहा ते दहा मिनिटांची, तर चर्चा निदान त्याच्या तिप्पट. चर्चेत पहिला प्रश्न "काय केलंस?" असा विचारला की माणूस बचावात जातो. सुरुवात "काय काय दिसलं, काय ऐकलं?" इथून करा. मग "त्यावरून काय वाटलं?", आणि सगळ्यात शेवटी "मग काय ठरवलंस?" दोघांना वेगवेगळं दिसलं असेल तर त्यांना एकमेकांशी बोलू द्या, प्रशिक्षकाने गप्प राहावं. त्यानंतर दुसरा फाटा दाखवा.

सत्राचं रेकॉर्डिंग ठेवणार असाल तर कोण बघणार, किती दिवस राहणार, आणि ते मूल्यमापनात वापरलं जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगा. एकदा का हे गोपनीय अहवालात जातं अशी कुजबुज सुरू झाली की सगळे पाठ केलेली उत्तरं देतात.

फिल्मच्या पहिल्या फ्रेमवर आवृत्ती क्रमांक आणि तारीख टाका. कायदा किंवा बळाच्या वापराचं धोरण बदललं की फिल्म तपासायची जबाबदारी कोणाची, तेही टिपणात नावानिशी असू द्या. नवी आवृत्ती आली की जुनी प्रत सगळ्या हेडसेटमधून पुसा, कपाटात ठेवलेल्या बिघडलेल्या हेडसेटमधूनसुद्धा. तो कधीतरी दुरुस्त होऊन परत येतो.